कोकणात घर बांधायचंय? आधी एक पावसाळा जागेवर काढा

गावाला घर बांधायचं ठरलं की आपण काय करतो, मे महिन्याच्या सुट्टीत जागेवर जातो, फोटो काढतो, पावलांनी माप घेतो आणि मुंबईला परत येऊन प्लॅन काढायला देतो. मीपण तेच केलं होतं. कणकवलीच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जागा, थोडी उताराची, वरच्या अंगाला दोन हापूसची कलमं आणि एक जुना फणस, खाली गडग्यापलीकडे, म्हणजे नुसत्या दगडांच्या रचलेल्या कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांची माडाची बाग. प्लॅन तयार, जेसीबीवाल्याशी बोलणं झालेलं. शेजारचे आबा गडग्यावर हात ठेवून सगळं ऐकत होते, ते एवढंच म्हणाले, "झिला, आदी एक पावस बघ, मगे जोतां घाल."

मी थांबलो. जुलैमध्ये चार दिवस रजा टाकून गेलो, छत्री घेऊन जागेवर उभा राहिलो आणि जिथे जिथे पाणी वाहताना दिसलं तिथे काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. चौथ्या दिवशी काठ्यांच्या तीन ओळी तयार झाल्या. त्यातली मधली, सगळ्यात जोराची, बरोब्बर माझ्या प्लॅनमधल्या हॉलमधून जात होती. मे महिन्यात तिथे नुसतं वाळलेलं गवत होतं, कुणाला स्वप्नातसुद्धा कळलं नसतं. घर मग वीस फूट बाजूला सरकवलं, आणि आज त्या मधल्या ओळीच्या वाटेवर अळू आणि केळी आहेत.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः कोकणासाठी आहे, त्यातही जांभ्याच्या, म्हणजे लाल सच्छिद्र दगडाच्या पट्ट्यासाठी, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडचा दक्षिण भाग. देशावर माती वेगळी, पाऊस वेगळा, तिथलं घर वेगळंच हवं.

पावसात काय काय बघायचं

पाणी कुठून येतं आणि कुठून जातं हे तर झालंच. शिवाय पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी परत जाऊन बघा, कुठे अजून पाय रुततोय, कुठे कोरडं झालंय. जिथे रुततोय तिथे जोतं घालू नका. विहीर असेल तर ऑगस्टमध्ये पाणी किती हातांवर आलंय ते लिहून ठेवा, हा आकडा पुढे संडासाच्या खड्ड्यासाठी लागणार आहे. वारा बघा, आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून, पण जवळ डोंगर असेल किंवा घळ असेल तर तो वळून भलत्याच बाजूने येतो. आमच्याकडे सपाट्याचा पाऊस चक्क दक्षिणेच्या बाजूने आत शिरतो कारण पश्चिमेला टेकडी आडवी आहे. हे कुठल्याही आर्किटेक्टला मुंबईत बसून कळणार नाही, त्याची चूक नाही त्यात.

उतार तीव्र असेल तर वरचा डोंगर बघायला जा, अगदी चालत वरपर्यंत. नवीन भेगा, तिरकी झालेली झाडं, मधूनच फुटलेले झरे, आणि वर कुणी रस्त्यासाठी किंवा बागेसाठी डोंगर खणलाय का. महाडजवळ तळिये जुलै २०२१मध्ये आणि खालापूरची इरशाळवाडी जुलै २०२३मध्ये दरडीखाली गेली, दोन्ही वेळा दिवसेंदिवस कोसळणाऱ्या पावसात. खड्या डोंगराच्या पायथ्याशी जागा कितीही सुंदर असली तरी घर तिथे नको, बाग करा, मांगर (शेतातली खोपी) बांधा, रात्री झोपायला तिथे नको.

आणि जागा सड्यावर असेल, म्हणजे उघड्या कातळावर, तर तो नुसता ओसाड दगड समजू नका. पावसाळ्यात तिथे जी बारीक फुलं येतात त्यातली काही दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत, आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली, त्यातल्या काही जागा २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. गावातल्या जुन्या माणसाला घेऊन कातळ झाडून बघा, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेघा दिसतात. एखादं चित्र सापडलं तर मशीन लावायचं नाही आणि तहसीलदारांकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे कळवायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सातबारावरचे सगळे सहहिस्सेदार, पायवाटेची वहिवाट, ग्रामपंचायतीची परवानगी, बिनशेती आहे का, किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध. बाहेरून येऊन शेतजमीन घेणाऱ्याने एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. हे सगळं खोदाईच्या आधी, नंतर नाही.

जेसीबी आत घ्यायच्या आधी

जेसीबीवाला सकाळी येतो, दुपारपर्यंत सगळी जागा टेबलासारखी सपाट करून देतो आणि आपल्याला वाटतं वा, काम झालं. पण जांभ्याच्या भागात वरची चांगली माती कित्येक ठिकाणी वीतभरच असते, ती एकदा ढकलून दिली की तिथे पुढची दहा वर्षं काही नीट वाढत नाही. म्हणून वरची माती आधी खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा, झावळ्यांनी झाका, घर झाल्यावर तीच माती बागेत पसरायची.

शक्य असेल तर जागा सपाट करूच नका. घर उताराला आडवं ठेवा, लांब आणि अरुंद, म्हणजे खोदाई कमी होते. फरक जास्त असेल तर घरातच दोन पातळ्या करा, ओटीवरून माजघरात दोन पायऱ्या चढून जायचं, जुन्या घरांत असंच असायचं आणि त्यात काही अडचण नसते (घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांची झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि संडास एका पातळीवर ठेवा म्हणजे झालं). मागे उभी दरड कापावीच लागली तर ती नुसती उघडी सोडू नका, दगडाची भिंत घाला आणि तिला पाणी निघायला भोकं ठेवा, भिंत बहुतेक वेळा मातीने पडत नाही, मागे तुंबलेल्या पाण्याने पडते. दरड आणि घर यांच्यात निदान माणूस आरामात चालेल एवढी जागा आणि त्यात गटार हवंच.

झाडं. आमचा फणस प्लॅनमध्ये आड येत होता, आम्ही प्लॅन वळवला, आता एप्रिलमध्ये दुपारभर त्याची सावली पश्चिमेच्या भिंतीवर असते. माडाचं मात्र उलटं, माड छपरापासून वीस-पंचवीस फूट लांबच बरा, एक नारळ चार कौलं घेऊन जातो. एखादं झाड काढावंच लागणार असेल तर स्वतःच्या जागेतलं असलं तरी आधी परवानगी बघा.

चिरा, चुना आणि भिंती

आपल्या पायाखालचा जांभा म्हणजे या घराचं अर्धं उत्तर आहे. १८००च्या सुमारास फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने केरळात लोक हा दगड हत्याराने कापून विटेसारखा वापरताना बघितला आणि १८०७मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यावरून त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. जमिनीत असताना मऊ, कापून उन्हावाऱ्यात ठेवला की कडक होतो. भट्टी नाही, जळण नाही, आणि खाण बहुतेक वेळा आपल्याच तालुक्यात.

पण चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, बघून घ्या, सगळे सारखे नसतात. मी खाणीवर जाऊन असं केलं, दहा-बारा चिरे वेगवेगळ्या थरांतले बाजूला काढायला लावले. एकेक हातोडीने वाजवला, चांगला चिरा खणखणीत वाजतो, कच्चा भद्द आवाज करतो. मग रंग, गडद लाल-तपकिरी असावा, भोकांमध्ये पांढरट-पिवळट मातीचे खिसे दिसले तर तो नको, पावसात ती माती धुपते आणि चिऱ्याला बिळं पडतात. शेवटी दोन चिरे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले, सकाळी कोपरा अंगठ्याने दाबला. एकाची कड बिस्किटासारखी सुटली. तो लॉट घेतला नाही, दुसऱ्या खाणीतून आणला, गाडीभाडं थोडं जास्त गेलं पण तेच बरोबर होतं. नवीन कापलेला चिरा लगेच भिंतीत घालू नका, एक उन्हाळा नाहीतर निदान दोन-तीन महिने रचून सुकू द्या.

जोतं निदान दोन-अडीच फूट उंच घ्या, आणि खालचे थर मिळाला तर काळ्या दगडाचे, कारण जांभा पाणी शोषतो आणि ओल भिंतीत वर चढते. जोत्याच्या डोक्यावर ओल अडवणारा थर टाकायला गवंडी विसरतो, तुम्ही विसरू नका.

आता सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतो ते, बाहेरून प्लॅस्टर करायचं की नाही. माझं मत स्पष्ट आहे, छप्पर पुरेसं बाहेर आलेलं असेल तर जांभ्याला बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर आणि वर प्लॅस्टिक पेंट लावू नका. चिरा ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट-पेंटने तोंड बंद केलं की ओल आत अडकते आणि मग तो थर फुगून पोपडे धरतो. सांधे चुन्याने भरा, आतून चुन्याचा गिलावा आणि सफेती. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी झालेत हे खरं आहे, पण देवळांच्या दुरुस्तीची कामं करणारे शोधले तर मिळतात. आमच्या गवंड्याने सुरुवातीला सरळ नाही म्हटलं, मग त्याच्या वडिलांनी येऊन दोन दिवस शिकवलं.

सगळं जुनंच करायचं असं पण माझं म्हणणं नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप कोकणातही जाणवला होता, आणि नुसत्या चिऱ्यावर चिरा ठेवलेल्या भिंती हादऱ्यात कोपऱ्यांना उघडतात. म्हणून जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली असे तीन सळईचे काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा. सिमेंट एवढंच आणि इथेच, पण इथे काटकसर नको. बाथरूमवर स्लॅब हवाच असेल तर वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात करायचे तसा भरावाचा स्लॅब करा, म्हणजे स्लॅबच्या खालच्या अर्ध्या भागात, जिथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो, तिथे जुनी कौलं घालायची, सिमेंट वाचतं आणि खोली थंड राहते.

छप्पर हेच खरं घर

कोकणातल्या घराला भिंतीपेक्षा छप्पर जास्त महत्त्वाचं. मंगलोरी कौलं आपल्याला इतकी आपली वाटतात, पण मंगळुरात बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने त्यांचा कारखाना काढला १८६५मध्ये, त्याआधी आपल्याकडे नळ्यांची कौलं आणि गवताची किंवा झापांची (विणलेल्या झावळ्यांची) छपरंच होती. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं धरा आणि वर शेकडा पाच-सात जास्त घेऊन ठेवा, कारण पाच वर्षांनी त्याच मापाचं कौल मिळेल याची खात्री नाही.

उतार कमी ठेवू नका. आडवं दोन फूट गेलं की उंची निदान सव्वा फूट वाढली पाहिजे, याच्या खाली गेलात तर जोराच्या वाऱ्यात पाणी कौलाखालून उलटं चढतं. छप्पर भिंतीच्या बाहेर तीन फूट आणा, पावसाच्या बाजूला तर सहा-सात फुटांची पडवीच काढा. पश्चिमेचं एप्रिल-मेचं ऊन आणि जुलैचा पाऊस दोन्ही तीच अडवते आणि दुपारचा खारा वारा तेवढा आत येऊ देते. पावसाळ्यापुरता तिथे झापांचा आडोसा बांधायचा, दसऱ्याला सोडायचा. जिथे पागोळ्या पडतात त्या रेषेवर दोन फूट रुंद गोट्यांची पट्टी आणि बाहेर उताराचं गटार केलं नाही तर सगळा लाल चिखल भिंतीवर उडतो, बऱ्याच नव्या घरांच्या भिंती खालून दोन फूट लाल झालेल्या दिसतात ते यामुळेच.

वाऱ्याचं मनावर घ्या. ३ जून २०२०ला निसर्ग नावाचं चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली आणि पिढ्यांच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. छपराचं लाकूड भिंतीवर नुसतं टेकवलेलं नको, वरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्ट आधीच सोडून ठेवा आणि त्याला लाकूड आवळा. कडेच्या दोन ओळी आणि कोने यांची कौलं तारेने बांधून घ्या, वारा तिथूनच हात घालतो.

माकडांचा प्रश्न खराच आहे, एक टोळी येऊन गेली की दहा-वीस कौलं फुटतात, म्हणून लोक कंटाळून सरळ पत्रा घालतात. नुसता पत्रा मेमध्ये तापतो आणि पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. मधला मार्ग म्हणजे खाली पत्रा आणि त्यावर रिपा (लाकडी पट्ट्या) मारून कौलं, कौल फुटलं तरी गळत नाही, वरच्या कौलांमुळे तापतही नाही. खर्च वाढतो, पण घर वर्षातून दहा महिने बंद राहणार असेल तर मी हेच सांगेन. मधे चार-पाच काचेची कौलं घाला, माजघरात दिवसा दिवा लावावा लागत नाही. भिंत आणि छप्पर यांच्यातली फट जाळी लावून उघडी ठेवा, गरम हवा तिथूनच जाते.

लाकूड शक्यतो जुनं घ्या. गावात घरं पाडली जातात तेव्हा फणसाचे, आईनाचे, सागाचे वासे आणि दारं निघतात, पन्नास वर्षं सुकलेलं लाकूड नवीन कुठे मिळणार. पूर्वी चुलीचा धूर रोज छपराला लागायचा आणि त्यानेच कीड लांब राहायची, आता धूर नाही म्हणून वाळवी लवकर येते. काजूच्या टरफलांचं तेल लावून घ्या, होड्यांना लावतात तेच, पण हातमोजे घालून, कातडी भाजते त्याने.

पाणी आत, पाणी बाहेर

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गळती वगैरे सोडून दोन लाख लिटरच्या वर पाणी एका छपरावरून वाहून जातं, आणि त्याच गावात मेमध्ये टँकरची वाट बघतात, कारण कातळावर पाणी थांबतच नाही.

सगळं साठवायची गरज नाही. पाच माणसं, प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर, म्हणजे दिवसाला पन्नास, फेब्रुवारी ते मे चार महिन्यांचे सहा हजार लिटर. एवढीच टाकी बांधा, झाकणाची, उजेड आत न जाणारी, हवेच्या नळीला डासांची जाळी. जूनचं पहिलं पाणी छपरावरची घाण घेऊन येतं ते सोडून द्या, आणि टाकी सप्टेंबरच्या पावसावर धुऊन परत भरा. बाकीचं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवा.

बाहेर जाणारं पाणी जास्त विचार करण्यासारखं आहे. जांभा चाळणीसारखा असतो, वर टाकलेलं खाली कुठल्या विहिरीत उतरेल सांगता येत नाही. संडासाचे खड्डे विहिरीपासून निदान पन्नास फूट, मी तर जागा असेल तर दुप्पट म्हणेन, आणि नेहमी उताराच्या खालच्या बाजूला, शेजाऱ्याची विहीर पण मोजायची. ऑगस्टमध्ये लिहून ठेवलेला विहिरीचा आकडा इथे काढा, त्या पातळीच्या बऱ्याच वर खड्ड्याचा तळ राहिला पाहिजे. दोन खड्डे करा, एक भरला की दुसरा चालू, पहिला दीड वर्ष बंद ठेवला की आत वास नसलेलं काळं खत मिळतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी संडास करून दाखवला तो मैल्याचं असंच सोनखत करण्यासाठी, आणि आपण अजून ते पाणी गटारात सोडतोय याचं वाईट वाटतं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी उघड्या पाटाने केळी-अळू-कर्दळीत, फक्त साबण कमी वापरा.

सोलरसाठी कौलांवर छिद्रं पाडू नका, बाथरूमच्या स्लॅबवर किंवा अंगणात वेगळा सांगाडा करा, तोपण वादळाचा विचार करून. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला जास्तीत जास्त ७८ हजारांची सबसिडी मिळते. जुलैत फार अपेक्षा ठेवू नका.

कुंपणाला सिमेंटची भिंत घालू नका, खोदाईत निघालेल्या दगडांचा गडगा रचा, मसाला नाही, नुसते दगड. पावसाचं पाणी त्यातून गाळून जातं, मुंगूस येतं-जातं, आणि दोन पावसांत त्यावर शेवाळं आणि नेचे चढले की कालच बांधलाय असं वाटत नाही.

घर झाल्यावरही दरवर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात शाकारणी करावीच लागते, फुटकी कौलं बदलायची, पानं काढायची, गटारं मोकळी करायची. गावात माणूस नेमताना पैसे आधी ठरवा आणि जास्तीची कौलं कुठे रचलीत ते त्याला दाखवून ठेवा. घर बंद करून मुंबईला निघताना पोटमाळ्याची खिडकी जाळी लावून उघडी राहू द्या, आणि ज्याच्याकडे किल्ली असेल त्याला सांगा, श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी येऊन सगळी दारं तासभर उघडून ठेव.